फाटक रिकामं होईपर्यंत

बंद होतोय.

फोनवर एवढंच आलं. सुचिताचे दोन्ही हात कोपरापर्यंत हळदीने माखलेले, म्हणून फोन धाकट्या प्राप्तीकडे होता.

"ताई, बंद होतोय म्हणे."

"आत्ता?"

सुचिता पाटावरून अर्धी उठली.

"बस गो नवरे!" मावशीने खांदा दाबला. मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती.

दिवस तिसरा. फाटकावर गाड्या आहेत. थांबतोय.

दिवस अकरावा. थांबतोय.

दिवस सव्विसावा. थांबतोय.

गेल्या महिनाभरातले हे सगळे निरोप सर्व्हरचे. सुचिता कामाला होती त्या उरणच्या कंटेनर यार्डात आत-बाहेर जाणाऱ्या प्रत्येक ट्रेलरची नोंद त्याच्यावर होते. दर महिन्याला त्याचे अपडेट सुचिता टाकायची, समोर बसून बंद करायची, चालू करायची. लग्न ठरलं, तेव्हा तिने त्याला शिकवलं: फाटकावर सलग पंधरा मिनिटं एकही गाडी नसेल, तर तुझं तू कर.

पंधरा मिनिटं मिळेनात. दिवसा नाही, रात्री नाही.

"रविवारपर्यंत झालं नाही, तर येऊन हाताने कर," साहेब म्हणाले होते. रविवारी तिचं लग्न.

आणि आज शनिवार, संध्याकाळचे पाच. या वेळी ट्रेलरची रांग पार हायवेला लागते. त्याला ती दिसलीच नाही? म्हणजे नियम चुकला. तिने लिहिलेला.

"प्राप्ती, चांगदेवकाकांना लाव. फाटकावरच्या."

प्राप्तीने फोन तिच्या कानाशी धरला.

"काका, किती गाड्या अडकल्यात?"

पलीकडून आधी बँड ऐकू आला. इकडेही बँड. तेच गाणं, तोच ताशा.

सुचिताने मान वर केली. मांडवाच्या खांबाला टेकून चांगदेवकाका उभे. अंगात वॉचमनचा गणवेश, कानाला फोन, दोन्ही गालांवर हळद.

"गाऱ्या कुठल्या, बाय? गारी हाकाला मानूस पायजे ना! सगले डायवर हितं नाचतान."

काकांच्या मागे तिचे बाबा नाचत होते, यार्डातले सगळ्यात जुने ड्रायव्हर. बाबांच्या मागे अख्खं यार्ड.

फोन पुन्हा थरथरला. प्राप्तीने मोठ्याने वाचलं.

चालू झालो. फाटकावर अजून कोणी नाही.