वनाची घागर

पुनाने पानवाल्या मगनचं डोकं त्याच्याच टपरीच्या फळीवर दोनदा आपटलं. तिसऱ्यांदा आपटणार, तेवढ्यात जीवरामने त्याचा हात धरला. मगनच्या नाकातून लागलेली धार समोरच्या लिमलेटच्या बरणीवर ठिबकत होती.

"याले बिडी दिधी तू?" पुना ओरडला. "परत दिधी ते हात उखाडी टाकसू!"

"पुनाभाऊ, एकच झुरका मारला मी," जीवराम म्हणाला.

"एक बी नही."

जळगावच्या पिंप्राळ्यात आता सगळेच पुनाला वचकून असत. दर तीन महिन्यांनी तो साक्रीकडून एस.टी.ने यायचा, जीवरामच्या घरी चार दिवस राहायचा आणि त्याला तपासणीला नेऊन आणायचा. रावेरकडची केळीची बाग भावाच्या हवाली करून जीवराम जळगावात राहायला आला होता, तो दवाखाना जवळ म्हणून. त्याच्या छातीत दुसऱ्याचं काळीज होतं. ते कुणाचं, हे मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. पेपरवाल्यांनी मात्र नावगावासकट छापून टाकलं: भांडणात कुऱ्हाडीने डोकं फुटलेला साक्रीकडचा वना. काही महिन्यांनी तेच कात्रण घेऊन पुना दारात उभा.

"वना तुमचा कोण?" जीवरामच्या बायकोने, बेबाबाईने विचारलं होतं.

"बांधले बांध शे आमना. पोरपनपाईन संगे वाढनूत," पुना म्हणाला, आणि एवढा दांडगा माणूस ओट्यावर बसून ढसाढसा रडला. शेताला शेत लागून, लहानपणापासून एकत्र वाढलेले, म्हणजे भाऊबंदच असणार, आणखी कोण! बेबाबाईने पुढे काही विचारलं नाही, ताट वाढलं.

एकदा जेवताना त्याने आपणहून सगळं सांगितलं. पहिला घाव वनाने चुकवला. दुसरा कानामागे बसला, तेव्हा नारळ फुटावा तसा आवाज झाला.

"तुम्ही होते तिथं?" बेबाबाईने विचारलं.

"व्हतू ना, बहिन. हात थांबनाच नही."

त्या मेल्याचे हात झडोत, असं बेबाबाई मोठ्यांदा म्हणाली. पुना ताट सारून हात धुवायला उठला.

त्याची माया ही अशी आडदांड होती. जीवराम गोळ्यांचा कंटाळा करू लागला, तेव्हा पुनाने त्याचा जबडा दाबून गोळी घशात कोंबली. ओठ फुटून सदऱ्यावर रक्त सांडलं. जीवरामला राग आला, पण त्याहून जास्त लाज वाटली. ज्याचा माणूस गेला, त्याला आपली एवढी काळजी!

तपासणीच्या खोलीत अंधार केलेला असे. डॉक्टर छातीला गारेगार मलम लावून यंत्र फिरवत आणि पडद्यावर करडं काळीज उघडमीट करताना दिसे. मुंबईला मानेच्या शिरेतून तार घालून तपासायला काळजाचा तुकडा काढत, ते दुखणं इथे नव्हतं. मागच्या खेपेला डॉक्टर म्हणाले होते, "स्नायूत वण धरतोय असं वाटतं. भिंत कडक होतेय. वाढत गेलं तर हे काळीज थकेल." तेव्हापासून पुनाचं अन्नावरून मन उडालं होतं.

"सायेब, आखाजी लगून चाली का हाई?" त्याने आज आत शिरतानाच विचारलं.

डॉक्टरांनी बराच वेळ पडदा न्याहाळला. "वण वाढलेला नाही. आखाजी काय घेऊन बसलात, दिवाळीसुद्धा बघतील."

पुनाने त्यांचे पाय धरले. रिपोर्टची नक्कल मागून घेतली आणि आधीच्या सगळ्या नकलांबरोबर मेणकापडात गुंडाळली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मेलेल्या माणसाच्या नावाने घरोघर घागर भरतात. वनाची घागर भरू द्यायची नाही म्हणून पुनाने गावात डोकी फोडायची भाषा केली होती. "काळीज चाली ऱ्हायनं, अन् घागर कशी भरतस?" तो म्हणे. दुःखाने माणूस असाच होतो, असं बेबाबाईला वाटे.

आखाजी झाली आणि त्याच आठवड्यात पुना दोघांना घेऊन धुळ्याला निघाला. वनाची आई भेटेल म्हणून बेबाबाईने तिच्यासाठी नवं लुगडं घेतलं. पण रिक्षा थांबली ती कोर्टापाशी.

"आज वनानी केसना निकाल शे," पुना म्हणाला. "तुम्ही फक्त बठा. सम्दासले दिसाले पाहिजे."

जीवरामच्या छातीत धडधडू लागलं. त्या हरामखोराचं तोंड तरी बघायला मिळेल! फाशीच व्हायला हवी त्याला. बाकावर बसून तो दाराकडे डोळे लावून राहिला. कोपऱ्यात एक म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. तीच वनाची आई, यशोदाबाई, असं कुणीतरी सांगितलं आणि बेबाबाईने पिशवीतलं लुगडं बाहेर काढलं.

शिपायाने पुकारा केला. जामिनावर सुटलेला पुना उठला, मेणकापड काखेत मारून आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन उभा राहिला. सगळे कागद त्याने कठड्यावर पसरले आणि जीवरामकडे बोट केलं.

"सायेब, वना जित्ता शे. त्यानं काळीज तठे बाकवर चाली ऱ्हायनं. मंग मी मारं कोणले?"