धाकट्या बाई

"हेच बिल आता ड्रायव्हरच्या नावाने टाका," बाई म्हणाल्या.

सॉफ्टवेअर कंपनीच्या इंजिनिअरने नाव बदललं आणि बटण दाबलं. भिंतीवरच्या पडद्यावर बिल लालभडक झालं. खाली प्रश्नांची रांग लागली. माल कुणी उतरवून घेतला? पोच कुठे आहे? हा पुरवठादार कोण? बिल खोटंच होतं, आत्ता चाचणीपुरतं बनवलेलं. बाईंच्या जिवात जीव आला. सॉफ्टवेअर अजून शुद्धीवर होतं तर.

"आता संचालकांच्या नावाने."

बिल हिरवं झालं. एकही प्रश्न नाही.

बाई म्हणजे या रुग्णालयाच्या ऑडिट विभागाच्या प्रमुख. चार वर्षांपूर्वी तपासणीचं काम सॉफ्टवेअर एजंटकडे गेलं. सगळ्या शाखांची बिलं ऑनलाइन यायची आणि तो ती रात्रंदिवस चाळत बसायचा. पहिलं वर्षभर बाईंनीच त्याला तयार केलं. हे चालेल, हे चालायचं नाही, असं एकेका बिलावर सांगत. पुढे तो इतकी हुबेहूब त्यांच्यासारखी खुसपटं काढायला लागला की लोक त्याला 'धाकट्या बाई' म्हणू लागले. चिडून म्हणायचे, पण बाई मनातून खूश व्हायच्या.

याच धाकट्या बाईंनी संचालकांची बिलं डोळे झाकून पास केली होती. व्हेंटिलेटर कागदावर आले, पैसे गेले आणि वॉर्डात एकही पोचला नाही. परवा संचालक पसार झाले. आज चौकशी होती. चूक सॉफ्टवेअरची निघाली तर त्याची कंपनी भरपाई देणार. नाही निघाली, तर बाईंची नोकरी जाणार आणि निवृत्तीचे पैसेही अडकणार. नवऱ्याच्या माघारी याच पगारावर घर चाललं होतं. मुलीचं शिक्षण अजून अर्ध्यावर होतं.

"साहेबांनी आत काहीतरी करून ठेवलंय," बाई म्हणाल्या. "फक्त स्वतःच्या नावासाठी."

"आत कुणी हात लावलेला नाही, मॅडम. मी दोनदा पाहिलं."

"मग दुसऱ्या एखाद्या मोठ्या माणसाचं नाव टाका. अध्यक्षांचं टाका. ते लाल झालं की कळेलच."

टेबलाच्या टोकाला बसलेले संस्थेचे अध्यक्ष हसले. चौकशी त्यांच्याच पुढे चालली होती. "टाका की," ते म्हणाले. "आमचं काय जातंय!"

बिल हिरवं झालं.

इंजिनिअर हळू आवाजात म्हणाला, "आम्ही याला एकही नियम दिला नव्हता, मॅडम. पहिल्या वर्षी तुम्ही जे केलंत, तेच तो करतोय."

काय केलं होतं त्यांनी? पार्किंगच्या पावतीवर शिक्का नाही म्हणून ड्रायव्हरला दोनदा परत पाठवलं होतं. नर्सने आणलेल्या कापसाच्या गठ्ठ्याचा हिशेब मागितला होता. आणि वरच्या मजल्यावरून बिल आलं की न उघडताच मंजूर करून टाकलं होतं. त्यात लबाडी नव्हती, की एका पैशाचा लोभ नव्हता. साहेबांना कुठे प्रश्न विचारायचे, एवढंच. त्यात काही वावगं आहे, असं त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. कडक म्हणून आयुष्यभर मिरवलं आणि आपण कडक राहिलो ते कुणाशी, या विचाराने बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सर्वांत आधी सावरले ते अध्यक्ष. त्यांनी एक कोरा कागद बाईंपुढे सरकवला.

"उगाच ताणू नका, बाई. सॉफ्टवेअरमध्ये बिघाड होता, असं लिहा आणि सही करा. तुमची नोकरी शाबूत, आपल्या संस्थेचं नावही शाबूत. कंपनीचं आम्ही बघून घेऊ."

इंजिनिअरने मान खाली घातली. बाईंनी पेन उचललं. दोन शब्द लिहून झाले असते तर त्या संध्याकाळी नेहमीच्या वेळेला घरी पोचल्या असत्या. त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग पडद्याकडे. पेन टेबलावर ठेवलं.

"बिघाड नाही हा," त्या म्हणाल्या. "हे मी शिकवलंय. तसं लिहून देते."

"अहो, नोकरी जाईल तुमची! मुलीचा तरी विचार करा."

"जाईल. पण ती जाईपर्यंत ऑडिट माझ्याकडे आहे." बाईंनी खुर्ची पुढे ओढली. नजर अध्यक्षांवरून हलली नाही. "साहेब, तुमची चार वर्षांची बिलं मागवून घ्या. ती अजून कुणीच पाहिलेली नाहीत."