पान एक्केचाळीस

पान चाळीसनंतर थेट पान बेचाळीस होतं.

बारक्यानं पुस्तिका उलटी धरून झटकली. एक वाळलेलं झुरळ पडलं. पान पडलं नाही.

"ताई, एक्केचाळीस कुठंय?"

"मी आले तेव्हाही नव्हतं," पलीकडच्या टेबलावरून ताई म्हणाली. "आणि मला सतरा वर्षं झाली इथं."

बारक्याचं वजन ब्याण्णव किलो होतं, पण विभागात वयानं तोच लहान, म्हणून बारक्या. माणसं तीनच: साहेब, ताई आणि तो. कंपनीनं फार पूर्वी एक कंट्रोल बोर्ड काढला होता, तळहाताएवढा, यंत्रांना जोडायचा. तो बनवणं बंद होऊन बावीस वर्षं झाली होती. पण विकताना कंपनी खोक्यावर छापून बसली होती: 'शेवटचा ग्राहक असेपर्यंत मदत देऊ.' त्या एका ओळीवर तिघांचे पगार चालू होते.

ग्राहक उरले होते चार. अंडी उबवायचं एक केंद्र, मनोऱ्यावरचं एक घड्याळ, एक पीठगिरणी आणि एक दीपगृह. सगळे ईमेल करायचे, फोन कुणीच करत नसे. भली माणसं. ताई रजेवर गेली की अंडीवालाही गप्प बसायचा.

पीठगिरणीवाल्याची बारक्याला खडान्‌खडा माहिती होती, कारण पीठगिरणीवाला तोच होता. दोन वर्षांपूर्वी महिनाभर एकही प्रश्न आला नाही, तेव्हा त्याला घाम फुटला. घरी बाळ तीन महिन्यांचं. ह्या बोर्डाशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि ह्या बोर्डावाचून जगाचं काही अडत नव्हतं. मग त्यानं गिरणी टाकली. ईमेलवर.

पण दीपगृह खरं होतं. तेवढ्या एका गोष्टीवर त्याला झोप लागायची.

'बोर्ड बंद पडला आहे,' दीपगृहवाल्यानं लिहिलं होतं. 'प्रोग्राम पुन्हा भरायचा तर जंपर कसे लावायचे ते पान ४१ वर पाहा, असं पान ४० म्हणतं. माझ्याकडे ४१ नाही. बोटी माझ्या भरवशावर आहेत.'

जंपर म्हणजे बोर्डाच्या पिनांवर बसणाऱ्या इवल्याशा टोप्या. अशा चार जागा होत्या. प्रत्येक जागी टोपी घाला किंवा काढा, म्हणजे एकूण सोळा तऱ्हा. प्रोग्राम भरायचं सॉफ्टवेअर फक्त एका जुनाट कॉम्प्युटरवर चालायचं, आणि त्या कॉम्प्युटरवर ताईची कुंडी होती. बारक्यानं कुंडी उतरवली.

कपाटातला एक जुना बोर्ड काढून तो पहिली तऱ्हा लावत होता तेवढ्यात मुख्य कार्यालयातून तपासनीस आले. राखाडी कोट, हातात यादी.

"जुने विभाग तपासायला नेमलंय मला," ते म्हणाले. "एकतीस होते. तीस बंद झाले. तुमचा शेवटचा."

"मग पुढं तुम्हाला कुठलं काम?" साहेबांनी आपलं सहज विचारलं.

तपासनीसांनी यादी उलटवून पाहिली. मागची बाजू कोरी होती.

"वरून हुकूम आहे. शुक्रवारी अकराला चारही ग्राहकांना बोलवा. सत्कार करायचा. एक जरी आला तरी विभाग चालू. कुणीच आलं नाही, तर कुलूप."

साहेबांनी रुमालानं मान पुसली. ताई एकदम फायली लावायला लागली.

बारक्यानं जिन्यात जाऊन दाजींना फोन लावला. "दाजी, शुक्रवारी तासभर गिरणीवाले व्हा. नुसतं बसायचं. कुणी विचारलं तर म्हणायचं, बोर्ड उत्तम चाललाय."

"बोर्ड? म्हणजे दुकानाची पाटी?"

"असं मात्र म्हणू नका."

मग त्यानं दीपगृहाला लिहिलं: 'शुक्रवारी अकराला याच. पान हातात देतो.' उत्तर दहा मिनिटांत आलं. 'येतो.' बारक्याच्या जिवात जीव आला. एक खरा माणूस येत होता, आणि एक पुरे होता.

आता फक्त पान हवं होतं. सोळापैकी तेरा तऱ्हांना बोर्डानं दाद दिली नाही. चौदाव्या तऱ्हेला हिरवा दिवा लुकलुकला आणि प्रोग्राम भरला गेला. बारक्या टेबलावर मूठ आपटून ओरडला. त्यानं कोऱ्या कागदावर पट्टी धरून सगळं काढलं, खाली मधोमध '४१' घातलं आणि कागद फायलीत ठेवला.

शुक्रवारी पावणेअकराला दाजींचा फोन आला. "तुझ्या बहिणीला कळलं रे. ती म्हणते, असल्या भानगडीत पडायचं नाही."

अकरा वाजले. चार खुर्च्या, प्रत्येकीसमोर एक बिल्ला. अकरा वाजून दहा मिनिटं झाली. सगळे दाराकडे बघत होते.

ताई उठली. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल. अंडी उबवण केंद्राचा बिल्ला तिनं साडीला टाचला आणि त्या खुर्चीत बसली. "पिल्लं बरी आहेत," ती भिंतीला म्हणाली.

साहेब खाकरले. मग मनोऱ्यावरच्या घड्याळाचा बिल्ला खिशाला लावून तिच्या शेजारी बसले.

बारक्याचं तोंड उघडंच राहिलं. ते मिटून त्यानंही गिरणीचा बिल्ला लावला. तपासनीस सगळं पाहत होते.

"साहेब, आमचं जाऊ द्या," बारक्या तपासनीसांना म्हणाला. "पण दीपगृहवाले खरे आहेत. त्यांनी लिहून दिलंय, येतो म्हणून. पाच मिनिटं थांबा. मी त्यांच्यासाठी सोळा..."

तपासनीसांनी उठून दार लावलं. आतून कडी घातली. यादीची घडी करून खिशात ठेवली. मग चौथ्या खुर्चीत बसून त्यांनी राखाडी कोटाला उरलेला बिल्ला टाचला आणि बारक्यापुढं हात केला.

"एक्केचाळीस सापडलं का?"