पाद्रीबाबांचा शाप

बँडचा पहिला अल्बम फक्त नातेवाइकांनी घेतला होता. दुसराही पडला, तर इंग्लंडातल्या वॉल्सॉलच्या या हेवी मेटल संगीतवाल्यांना रेकॉर्ड कंपनी घरी बसवणार होती.

"गावच्या पाद्रीबाबांनी भर चॅपेलात आपल्या गाण्यांना शिव्या घातल्या ना, की दुकानापुढे पोरांची रांग लागते बघ," ड्रम वाजवणारा ट्रेव्हर म्हणाला. "ग्लेनिस, गातेस तू, तूच जा. कडेवर पोर असलेली सैतानीण बघून म्हातारा जास्तच पेटेल."

ग्लेनिसने ओठ काळे रंगवले, लेकीला काखोटीला मारलं आणि रेकॉर्ड घेऊन पाद्रीबाबांचं घर गाठलं. रेकॉर्डवर सैतानाला बोलावताना तिने फोडलेल्या किंकाळ्या त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकल्या. त्या आवाजात लेक मात्र आईच्या खांद्यावर लाळ गाळत गाढ झोपून गेली. आता शाप येणार, म्हणून ग्लेनिस सरसावून बसली.

पाद्रीबाबांनी चष्मा काढून डोळे टिपले.

"शब्द एक कळला नाही गं पोरी, पण देवाचा इतका आर्त धावा मी जन्मात ऐकला नव्हता. रविवारी आमच्या चिल्ल्यापिल्ल्यांना भजनं शिकवायला येशील?"