आठ चौकोन

“मास्तरीणबाई, सोमवारपर्यंत खोली खाली करा,” शेवंताबाईंनी उंबऱ्यावरूनच फर्मावले.

सतरंजीवर बसलेल्या सात-आठ मुलांच्या माना एकदम वर झाल्या. फळ्यापाशी उभ्या असलेल्या राजश्रीच्या हातातला खडू तसाच राहिला. नेरूळमधली ती चार मजली इमारत शेवंताबाईंच्या मालकीची. तळमजल्यावरच्या त्या खोलीत राजश्री दोन महिन्यांपासून गणिताची शिकवणी घेत होती आणि मुलांमध्ये शेवंताबाईंची नववीतली नात नमिताही होती.

“काही चुकलं का, आजी?”

शेवंताबाईंनी पदराआडून वर्तमानपत्राचे घड्या पडलेले कागद काढले आणि टेबलावर आपटले.

“नातीच्या दप्तरात हे निघालं. वही कोरी. पुस्तकाला हात नाय. घड्या घालायला धाडली होती का पोरगी? यापेक्षा ते सुधीर सर बरे. एसी क्लास, कडक मानूस. गनित चुकलं की सरळ वर्गाभायेर उभं करतात.”

नमिता वर्षभर त्या वर्गाबाहेर उभी राहिली होती. वीसपैकी तीन गुण मिळाले तेव्हा सुधीर सरांनी ‘हिच्या डोक्यात गणित नाही’ असा निकाल दिला. शेवंताबाईंनी तो चारचौघांत बोलून पक्का केला. आता सोमवारपासून पुन्हा तिथेच जायचे, हे उमगताच नमिताचा चेहरा पांढरा पडला.

“तिला पाचवीतले अपूर्णांकच कुणी नीट दाखवले नव्हते,” राजश्री म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण नजरही खाली गेली नाही. “मी तिथून सुरुवात केली. आता तिला येतं. विचारून बघा.”

“बाहेरगावावरून येऊन मलाच परीक्षा घ्यायला सांगता? घेते की.” शेवंताबाई हसल्या. ते हसणे बरे नव्हते. “नमे, साडेबारा टक्के म्हंजे किती, सांग.”

त्या घरात हा आकडा कुलदैवताच्या नावासारखा घेतला जाई. खाडीकाठची भातशेती सरकारने शहर वसवायला घेतली. बदल्यात गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांचा प्लॉट आला आणि त्याच प्लॉटवर ही इमारत उभी राहिली. मंजुरीचे पत्र हाती पडले त्या दिवशी शेवंताबाईंनी गावभर पेढे वाटले होते. शेत त्यांनी जन्मभर पिकणाऱ्या भाताच्या खंडीत मोजले. प्लॉट चौरस मीटरमध्ये मिळाला. दोन्ही शेजारी ठेवून पाहावे असे त्यांना कधी वाटलेच नाही. साडेबारा म्हणजे भरघोस, याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती.

नमिताने वर्तमानपत्राचे एक नवे पान घेतले. ते मधोमध दुमडले. पुन्हा दुमडले. तिसऱ्यांदा दुमडले आणि उलगडून जमिनीवर पसरले. कागदावर आठ चौकोन उमटले होते. त्यातल्या एकावर तिने तळहात ठेवला.

“एवढं. आठातला एक.”

“आनि बाकीचं सात?”

“ते गेले, आजी.”

मागच्या बाजूला कोणीतरी फिस्सकन हसले आणि लगेच गप्प झाले. शेवंताबाईंच्या कपाळावरची शीर तटतटली.

“आमच्याच घरात बसून आमचीच शोभा? कागद हाय माझ्याकडं, शिक्क्याचा. आनते. यांचं खोटं निघालं तर सोमवार नाय न् बिमवार नाय, आत्ताच्या आत्ता निघायचं.”

राजश्रीने पर्समधून खोलीची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली.

पत्र वरच्या मजल्यावर, कपाटात, लग्नाच्या शालूखाली प्लास्टिकच्या पिशवीत होते. तीस वर्षांत शेवंताबाईंनी ते उलगडले नव्हते. पेढे सोडले तर त्या पत्राची त्यांना एकच आठवण होती आणि ती संतापाची. पेढे वाटले त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यावर पेन्सिल फासलेली पाहून त्यांनी लहानग्या दिपेशला, म्हणजे नमिताच्या बापाला, बडवून काढले होते. त्यांचे यजमान गोटीराम कधी मध्ये पडत नसत. त्या दिवशी मात्र त्यांनी शेवंताबाईंचा हात धरला. “पोराला मारू नको,” ते मान खाली घालून म्हणाले. “त्याचं काम नाय ते.” बापाची माया, असे समजून शेवंताबाईंनी पोराला आणखी दोन ठेवून दिल्या. आदल्या दिवशी गोटीरामांनी पेढा तोंडात घातला नव्हता. दात दुखतो, असे म्हणाले होते. त्यांना जाऊन आता अकरा वर्षे झाली होती.

शेवंताबाई खाली आल्या. त्यांनी पत्र उलगडले आणि नमिताच्या पुढ्यात, त्या वर्तमानपत्राशेजारी टाकले. “वाच मोठ्यानं,” त्या म्हणाल्या.

पत्र उलटे पडले होते. शिक्का खाली गेला आणि कोरी पाठ वर आली. जुन्या घड्या कागदात खोल रुतल्या होत्या. कोपऱ्यातला एक चौकोन पेन्सिलीने रंगवलेला होता. लहान मुलाचे ते गिरगटणे नव्हतेच. रेघेला रेघ लागलेली, घडीच्या बाहेर एकही गेलेली नाही. उरलेले सगळे चौकोन तसेच कोरे.

शेवंताबाईंनी वाकून पाहिले. “त्याचं काम नाय ते,” यजमानांचेच शब्द त्यांच्या तोंडून निघाले. मग त्यांनी राजश्रीकडे न बघता टेबलावरची किल्ली एका बोटाने तिच्याकडे सरकवली.

नमिता गुडघ्यांवर बसून दोन्ही कागदांवरून बोट फिरवत होती. घड्या मोजून झाल्यावर तिने मान वर केली.

“आजी, हे उदाहरण तर कुणीतरी आधीच सोडवलंय.”