चौथी खाट

पडद्यावर हॉस्पिटलचा वॉर्ड आला तेव्हा समीक्षक अंधारात वहीत 'प्रकाशयोजना बरी' असं लिहीत होता. तो खरा समीक्षक नव्हता, विमा कंपनीत नोकरीला होता. पण मायदेशाच्या सिनेमांच्या या वार्षिक महोत्सवात प्रत्येक खेळानंतर पहिला प्रश्न त्याचाच असे. म्हणून परदेशातल्या आपल्या मंडळींनी त्याला थट्टेने हे नाव पाडलं होतं. त्याने ते मानाने स्वीकारलं होतं.

कॅमेरा खाटांच्या रांगेवरून सरकत चौथ्या खाटेपाशी थांबला. नाकात नळी, आठ दिवसांची दाढी. म्हातारा चादरीची कड अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून चोळत होता, कापडाचा पोत बघावा तसा.

शेजारी बसलेल्या बायकोने समीक्षकाचं मनगट धरलं. "अरे, हे बाबा आहेत!"

"हळू. लोक बघतायत."

"लोक सिनेमा बघतायत. तूही बघ."

बाबाच होते. चाळीस वर्षं कापडाच्या दुकानात गेलेला तो हात दुसऱ्या कुणाचा असणार? खाटेजवळच्या स्टुलावर एक चाळिशीतला टकला माणूस बसला होता. सिनेमात तो त्यांचा मुलगा होता. सफरचंदाच्या फोडी करून, बिया काढून, तो एकेक फोड त्यांच्या हातावर ठेवत होता. समीक्षकाने जन्मात कुणाला बिया काढून काही दिलं नव्हतं.

गेल्या वर्षी याच आठवड्यात बाबांचा फोन आला होता. "दोन दिवस हॉस्पिटलात आहे रे. नुसत्या तपासण्या. तू मुद्दाम येऊ नकोस." वडिलांचा शब्द इतक्या निमूटपणे त्याने त्याआधी कधी पाळला नव्हता. वर, "रजाच शिल्लक नाही हो बाबा," असंही तो म्हणाला होता. त्यात खोटं काही नव्हतं. होती ती रजा त्याने महोत्सवासाठी टाकली होती. फोन त्याने दोन सिनेमांच्या मधे, कॉफीच्या रांगेत उभ्या उभ्या घेतला होता.

सिनेमा संपला, दिवे लागले. तिशीतली दिग्दर्शिका खुर्चीत अवघडून बसली. महोत्सवाच्या चिटणीसबाई माइक घेऊन सवयीने समीक्षकाकडे निघाल्या, पण त्याने मान खाली घातलेली पाहून त्यांनी तो पुढच्या रांगेतल्या एका काकूंना दिला.

"तो वॉर्डातला मुलगा कोण हो?" काकूंनी डोळे पुसत विचारलं. "काय गुणी आहे! नट वाटतच नाही."

"नट नाहीच तो," दिग्दर्शिका म्हणाली. "आमच्या गाडीचा ड्रायव्हर. वॉर्ड खरा होता, पेशंटही खरे. त्या आजोबांपाशी कुणीच नव्हतं आणि स्टूल रिकामं दिसत होतं, म्हणून त्याला बसवलं. शूटिंग एका दिवसात उरकलं. तो मात्र पुढे दोन आठवडे डबा घेऊन जात राहिला. म्हणाला, मुलगा म्हणून बसवलंत, आता एकदम कसं उठू?"

हॉलमध्ये कुणीतरी चुकचुकलं. "कशी असतात ना एकेकाची मुलं," काकू माइकवरच म्हणाल्या.

"आता तरी सांग," बायको कुजबुजली. "ऊठ आणि सांग, ते माझे वडील आहेत म्हणून."

"आणि तू कुठे होतास विचारलं तर?"

"कुठे होतास?"

"इथेच," समीक्षक म्हणाला. "बहुतेक याच रांगेत."

तेवढ्यात चिटणीसबाई माइक घेऊन समोर उभ्या राहिल्या. "काय समीक्षक, आज मौनव्रत? तुमच्या प्रश्नाशिवाय घरी जायचं म्हणजे चुकल्यासारखं वाटतं बाई."

लोक हसले. समीक्षक उठला. बायको त्याच्याकडे बघत होती. त्याने घसा साफ केला.

"मुद्दा असा आहे," तो म्हणाला, "एका आजारी, असहाय माणसाचा चेहरा इतक्या जवळून दाखवण्याची खरंच गरज होती का? तो माणूस नाही म्हणू शकत नाही. मला हे जरा... अनैतिक वाटलं."

दोघातिघांनी माना डोलावल्या. बायकोने मान फिरवली.

दिग्दर्शिका म्हणाली, "मलाही तसंच वाटत होतं. मी लांबूनच घेणार होते. बाकीच्या पेशंटनी तर तोंडावर पांघरूण ओढून घेतलं. पण आजोबांनी नर्सकडे कंगवा मागितला. केस विंचरून झाल्यावर मला जवळ बोलावून म्हणाले, 'बाई, माझा चेहरा जरा नीट येऊ दे. माझा मुलगा परदेशात असतो. त्याला इकडे यायला जमत नाही, पण आपला सिनेमा तिथे लागला की तो एकही चुकवत नाही.'"

माइक समीक्षकाच्या हातात तसाच होता, चालू. त्याचा श्वास हॉलभर ऐकू येत होता.