वा रे माझ्या वाघा!

फुटबॉलच्या तिकिटाचे दर दुप्पट झाले, तेव्हा "आता त्या स्टेडियमची पायरी चढणार नाही," असं आमच्या ह्यांनी तावातावाने जाहीर केलं होतं. आणि आज मी टीव्हीवर मॅच लावली, तर गर्दीतून ह्यांचाच आवाज! "वा रे माझ्या वाघा!" तोच घोगरा, शेवटी चिरकणारा. भाजी निवडणाऱ्या सासूबाईंनीही मान वर केली. "हा तर आपलाच," म्हणाल्या.

सकाळी तर मला सांगून गेले होते, गॅरेजमध्ये जादा काम आहे म्हणून. मी फोन लावला.

"अहो, कुठे आहात?"

"गाडीखाली. का गं?"

"थापा मारू नका. इथे टीव्हीवर बोंबलताय, आईंनीसुद्धा ऐकलं. तिकिटाला पैसे कुठून आणलेत?"

तेवढ्यात टीव्हीतून पुन्हा तेच, "वा रे माझ्या वाघा!"

फोनवरून त्यांनाही ते ऐकू गेलं. मग म्हणाले, "आत्ता मैदानात काय झालं?"

"काय व्हायचंय! मघापासून चेंडू मागे मागेच ढकलतायत. आत्ताही गोलकीपरकडे दिला."

"आणि त्याला मी वा म्हणेन?"

असल्या खेळाला ह्यांनी जन्मात शिव्यांशिवाय काही दिलं नव्हतं.

"मागच्या वर्षी स्टेडियमात आम्ही बसायचो त्या कोपऱ्यात माइक टांगले होते," ते हळूच म्हणाले. "तेव्हा रेकॉर्ड केलेलं ओरडणंच आता वाजवतायत."

कॅमेरा त्या कोपऱ्यावरून फिरला. कोटवाले चार-पाच जण मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते, आणि त्यांच्यामधून माझा नवरा गळा फाटेस्तोवर ओरडत होता.